नव्या वसाहतीचें पाणी : पोफळीच्या उदाहरणावरून जलयोजनांच्या कागदपत्रांचा विचार

(१) स्थळ आणि नांव

चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढूं लागतो त्या पायथ्याशीं पोफळी हें गांव आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील चिपळूण तालुक्याचें हें गांव आज महाराष्ट्रांत सर्वत्र माहीत झालें आहे तें कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळें. महाबळेश्वरीं उगम पावून सह्याद्रीच्या माथ्याशेजारून दक्षिणेकडे वाहणारी कोयना हेळवाकजवळ एकदम पूर्वेस वळते व कऱ्हाडास कृष्णेला मिळते. हें वळण जेथें आहे तेथून पश्चिमेचा कडा अगदीं जवळ. आणि कड्याखालीं कोंकण. नदीचें पाणी पूर्वेस न जाऊं देतां डोंगरांतून बोगद्यानें पश्चिमेस आणिलें, तर तें सुमारें पावणेपांचशें मीटर खालीं कोसळतें, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांतच जाणत्यांच्या लक्षांत आली होती. टाटांच्या मंडळीनें त्या योजनेचा विचार केला व तो पुढें बाजूस ठेविला. स्वातंत्र्यानंतर सरकारनें काम अंगावर घेतलें. १९५४ त धरणास आरंभ झाला आणि १९६२ त पोफळीच्या वीजगृहांतून वीज वाहूं लागली. डोंगर पोखरून सुमारें पावणेचार किलोमीटरचा बोगदा, त्यापुढें खोल उतरणाऱ्या नळ्या, आणि शेवटीं कातळाच्या पोटांत यंत्रें, अशी या पाण्याची वाट आहे.

गांवाच्या नांवाकडे येथें थोडें लक्ष द्यावेंसें वाटतें. पोफळ म्हणजे सुपारी व पोफळी म्हणजे सुपारीचें झाड, हें कोंकणांत पोरासही ठाऊक आहे. नांव झाडावरूनच पडलें असेल, तर त्यांत एक जुनी नोंद दडलेली आहे असें म्हणावें लागतें. पोफळ हें तहानेचें झाड. नारळ एखादे वेळीं पाण्याची ओढ सोशील, पोफळ सोशीत नाहीं. ज्या आगरांत उन्हाळ्यांतही शिंपणें चालूं राहतें तेथेंच पोफळीची लागवड टिकते. म्हणून कोंकणांतील पोफळीवरून पडलेलीं स्थळनामें हीं बारमाही पाण्याच्या जागांचीं जणूं यादीच होय. पोफळीचें खोड मधोमध चिरून, आंतला गाभा काढून, त्याचें पन्हळ करण्याची चाल कोंकणांत सर्वत्र होती. वरच्या अंगास वहाळाला दगडमातीचा बांध घालावयाचा, पाटानें पाणी वाडीपर्यंत आणावयाचें, आणि मध्यें घळ आली कीं ती पन्हळांवरून ओलांडावयाची, ही गोष्ट कोंकणांतील शेतकरी कोणत्याही खात्याच्या मदतीवांचून करीत आला. गांवाचें नांव ज्या झाडाचें, तेंच झाड पाण्याची नळीही होतें; आणि त्याच गांवाच्या पोटांतून विसाव्या शतकांत महाराष्ट्रांतील फार मोठी जलनळी काढली गेली, हा योगायोग मनांत राहण्यासारखा आहे.

(२) सहा सेकंदांचें पाणी

वीजगृहाबरोबर माणसें आलीं व माणसांबरोबर वसाहती आल्या. पोफळीस वीजगृहाच्या कर्मचाऱ्यांची व जवळच अलोरें येथें पाटबंधारे खात्याची वसाहत उठली. आज आपणांस विचार करावयाचा आहे तो अशा नव्या वसाहतीच्या पाण्याचा. आणि तोही यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें नव्हे, कागदपत्रांच्या दृष्टीनें. परंतु आधीं पाण्याचें मान ध्यानांत घेणें जरूर आहे.

कृष्णा पाणी तंटा लवादानें, न्यायमूर्ति बचावत यांच्या अध्यक्षतेखालीं, कोयनेचें वर्षाकाठीं ६७.५ अब्ज घनफूट पाणी विजेसाठीं पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिली. या आंकड्याची सरासरी काढिली तर दर सेकंदास साठ हजार लिटरांहून थोडें अधिक पाणी पडतें. आतां दुसरा आंकडा घेऊं. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणींत दरडोई दररोज १३५ लिटर हें प्रमाण धरण्याचा प्रघात आहे. ग्रामीण घरांसाठीं २०१९ त सुरू झालेल्या जलजीवन मिशनानें ५५ लिटर हें प्रमाण धरलें. समजा, पांचशें बिऱ्हाडांची एक नवी वसाहत बसवावयाची आहे. बिऱ्हाडीं पांच माणसें धरलीं तर वस्ती अडीच हजारांची झाली, आणि मोठ्या प्रमाणानें तिची रोजची गरज ३,३७,५०० लिटर भरली. पश्चिमेकडे वळविलेल्या पाण्याच्या सरासरी ओघाशीं ही गरज ताडून पाहिली, तर सबंध वसाहतीचें एका दिवसाचें पाणी सहा सेकंदांच्या आंत निघून जातें!

हा हिशेब ऐकतांच सामान्य माणूस म्हणेल कीं, मग चिंता कसली? परंतु खरी चिंता येथूनच सुरू होते. ओघ खालीं आहे, घरें वर आहेत. वीजगृहांतून सुटलेलें पाणी पुढें कोळकेवाडीच्या धरणांत व तेथून पुढें वाशिष्ठींत जातें. डोंगरउतारावरच्या वसाहतीस तें आपोआप मिळत नाहीं. तें उपसून चढवावें लागेल, नाहीं तर वसाहतीच्याही वरच्या अंगास एखादा झरा अगर वहाळ शोधून त्याचें पाणी उतारानें आणावें लागेल. पहिल्या मार्गांत यंत्र बंद पडलें कीं पाणी बंद. दुसऱ्यांत वैशाख आला कीं पाणी बंद. कारण कोंकणांतला पाऊस कितीही दांडगा असला तरी तो चार महिन्यांचा आहे. जांभा व कातळ तें पाणी फार दिवस धरून ठेवीत नाहींत. ज्या भागांत पावसाळ्यांत शंभर इंचांवर पाऊस पडतो त्याच भागांत चैत्रवैशाखांत बायका डोक्यावर हंडे घेऊन कोसभर चालतात, ही कोंकणची जुनी व्यथा आहे.

म्हणून वसाहतीची जलयोजना म्हणजे पाण्याचा सांठा शोधणें एवढेंच नव्हे. तिच्या पोटीं तीन गोष्टी येतात. पहिली पातळी : उगम, टांकी व घर यांच्या उंचींतील फरक. दुसरी वाट : पाणी कोठून कोठें, जमिनीच्या किती खालीं, कोणत्या वळणानें जातें तें. तिसरी वाटा : कोणास, किती, कोणत्या वेळीं व कोणत्या हक्कानें मिळावयाचें तें. दगडचुन्याच्या किंवा लोखंडाच्या कामांत या तिन्ही गोष्टी डोळ्यांस दिसत नाहींत. त्या कागदावरच राहतात. कागद गेला कीं काम उभें असूनही योजना मेली असें समजावें. प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य एवढेंच आहे, व तें पटवून देण्यासाठीं आपल्याच इतिहासांतील कांहीं उदाहरणें पुढें मांडितों.

(३) आधीं उदक

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील. त्यांतील दुर्गप्रकरण संशोधकांस पाठ आहे; पण तें प्रकरण नव्या वसाहतीच्या पाण्याचा आपल्या भाषेंतील एक उत्कृष्ट टिपणवजा ग्रंथ आहे, ही दृष्टि फारशी कोणीं ठेविलेली दिसत नाहीं. किल्ला म्हणजे तरी काय? ओसाड डोंगरावर एकाएकीं बसविलेली शेंपन्नास घरांची नवी वसाहतच. अमात्यांचा पहिला नियम असा कीं, स्थळ निवडतांना उदक आधीं पाहावें, बांधकाम मागाहून. पाणी नसेल आणि तें ठिकाण सोडतां येत नसेल, तर आधीं खडक फोडून पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढें पाणी सांठवावें, मग तटबंदीस हात घालावा. दुसरा नियम असा कीं, एका झऱ्यावर विसंबूं नये. लढाईच्या वेळीं तोफांच्या धडाक्यानें झरे बुजतात, म्हणून सांठ्याचीं तळीं व टांकीं वेगळीं असावीं व तें पाणी रोजच्या खर्चांत आणूं नये. या दोन नियमांत आजच्या आखणीकाराचीं तीन मोठीं प्रमेयें सामावलीं आहेत : वस्तीच्या आधीं पाणी, एकाहून अधिक उगम, आणि संकटकाळचा राखीव सांठा.

हे नियम नुसते पोथींतले नव्हते. रायगडावर राजधानी वसली तेव्हां गडाचें बांधकाम हिराजी इंदुलकर यांनीं केलें. जगदीश्वराच्या देवळांतील शिलालेखांत रायगडावरील कामांची गणना आहे, तींत वापी, कूप व तडाग यांचा उल्लेख राजमंदिरांच्या आधीं येतो. हा क्रम छंदासाठीं आला असेलही. परंतु गडावर जाणारा माणूस गंगासागर तलावाच्या कांठीं उभा राहिला म्हणजे त्यास हा क्रम व्यवहारांतही खरा असावा असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

या नियमांचें सामर्थ्य पोफळीच्या संदर्भांत ताडून पाहावें. चिपळूण शहर व आसपासचा औद्योगिक भाग आज वाशिष्ठीच्या पाण्यावर बराच अवलंबून आहे, आणि वाशिष्ठी भर उन्हाळ्यांत वाहती राहते ती कोयनेच्या अवजलामुळें. यंत्रें थांबलीं कीं नदीची पातळी उतरते. म्हणजे खालच्या वस्तीचा झरा हा निसर्गाचा झरा नसून वरच्या वीजगृहाच्या वेळापत्रकाचा झरा आहे. अमात्यांनीं एका झऱ्यावर विसंबूं नये म्हणून सांगितलें तें तोफांच्या भयानें. आज तोफेच्या जागीं वेळापत्रक आलें आहे, नियम मात्र तोच आहे.

(४) कात्रजचा नळ : दगड राहिला, कागद गेला

किल्ल्यावरून आतां शहराकडे वळूं. नव्या शहरास दूरवरून नळानें पाणी आणण्याची कला दक्षिणेंत मलिक अंबरच्या काळीं पूर्णत्वास पोंचली होती. त्यानें १६१० च्या सुमारास खडकी येथें, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नवी वस्ती बसविली व तिला भूमिगत नहरीनें पाणी आणिलें. ती नहर-ए-अंबरी या नांवानें प्रसिद्ध आहे. मराठी राज्यांत या कलेचें मोठें उदाहरण म्हणजे पुण्यास आणिलेलें कात्रजचें पाणी.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत (१७४०–१७६१) पुणें झपाट्यानें वाढूं लागलें. शनिवारवाड्याभोंवतीं जुन्या पेठा भरूं लागल्या, जिवाजीपंत खासगीवाले यांच्यासारख्या कारभाऱ्यांकडून नव्या पेठा बसविल्या जाऊं लागल्या. पेठ बसविणें हा त्या काळचा वसाहतीचा धंदाच होता : शेट्ये नेमावयाचा, कौल द्यावयाचा, कांहीं वर्षें कर माफ करावयाचे, व्यापारी व कसबी यांस घरांसाठीं जागा द्यावयाच्या. परंतु कौल कितीही उदार असला तरी पाण्यावांचून घर उभें राहत नाहीं. मुठेचें पात्र खोल व पेठा वर. नदीवरून पाणी आणणें म्हणजे रोजची चढण. अशा वेळीं शहराच्या दक्षिणेस सुमारें आठ किलोमीटरांवर कात्रजच्या डोंगराखालीं पाणी अडवून तें जमिनीखालून दगडचुन्याच्या नळानें शहरांत आणण्यांत आलें. उगम शहराहून उंचावर असल्यामुळें उपसा लागला नाहीं. उताराच्या जोरावर पाणी वाडे, कारंजीं व हौद यांपर्यंत पोंचलें. मार्गांत जागोजाग उभे दगडी उच्छ्वास बांधले होते; त्यांतून नळांतली कोंडलेली हवा बाहेर पडे, पाण्याचा दाब सांवरला जाई व गाळ काढण्यासही जागा मिळे.

पहिल्या नळावर शहर थांबलें नाहीं. पानिपतांत पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नांवें थोरल्या माधवरावांच्या काळीं सदाशिव पेठ वसली. पुढें नाना फडणवीसांनीं आंबेगांवाकडून स्वतंत्र नळ आणिला व सदाशिव पेठेच्या हौदास पाणी दिलें. रास्त्यांनीं कोंढव्याकडून आपल्या भागासाठीं पाणी आणिलें. हा क्रम नीट पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते : शहर वाढत गेलें तसें पाणीही एकाच नळावर न ताणतां नव्या वस्तीस नवा उगम जोडण्यांत आला. अमात्यांचा दुसरा नियम येथें शहराच्या मापानें पाळला गेला.

हें सर्व काम इतक्या पक्क्या हातानें झालें कीं, एकोणिसाव्या शतकांत खडकवासल्याचें धरण होऊन शहरास नवे नळ आल्यावरही कात्रजचें पाणी हौदांत पडत राहिलें. तथापि त्याच्या ऱ्हासाचें कारण शोधूं गेल्यास तें दगडांत सांपडत नाहीं, कागदांत सांपडतें; किंबहुना कागदाच्या अभावांत सांपडतें. पेशवाईच्या जमाखर्चांत पैका किती लागला याच्या नोंदी निघतात; पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागदांची संख्या एवढी मोठी आहे कीं, अशा नोंदी पुढेंही निघत राहतील. पण नळ कोणाच्या परड्याखालून जातो, कोठें वळतो, कोठें फुटतो, कोणत्या हौदास कितव्या बोटाएवढें तोंड आहे, ही माहिती ज्यांच्या डोक्यांत होती ते पाणके, गवंडी व हौदाचे रखवालदार निवर्तले, आणि माहितीही निवर्तली. पुढें रस्ते खणतांना व इमारतींचे पाये घेतांना अकस्मात् नळ उघडा पडूं लागला. कोणी त्यास भुयार समजलें, कोणी गुप्त वाट. ज्या नळावर एका शहराची तहान भागली त्याची ओळख त्याच शहरास राहिली नाहीं. भुयारांच्या दंतकथा हौसेनें सांगणाऱ्या मंडळींनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें कीं, दंतकथा उगवते ती बहुधा हरवलेल्या नकाशाच्या जागेवर.

अशा विस्मृतींत केवळ शोभेची हानि नाहीं. जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या वाटेशेजारून सांडपाण्याची नवी वाट गेली, आणि दोहोंची जागा कोणास ठाऊक नसली, म्हणजे काय होतें तें सांगावयास नको. तसेंच १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं धरणें फुटलीं, तेव्हां पुण्याचा पाण्याचा मुख्य आधार एका दिवसांत नाहींसा झाला. अशा प्रसंगीं जुना उगम कामास येतो तो त्याची वाट कोणास तरी माहीत असली तरच.

(५) वाटा आणि हक्क

पातळी व वाट यांनंतर तिसरी गोष्ट म्हणजे वाटा. हौद बांधला म्हणजे पाणी सर्वांचें झालें असें नव्हे. पुण्याच्या पेठांत हौद भरलेले असतांही अस्पृश्य मानलेल्या लोकांस त्यांवर जाण्याची बंदी होती. १८६८ त जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठीं खुला केला. नळाची लांबी त्यामुळें एक हातही वाढली नाहीं, पण वांटणीची रेषा पुढें सरकली. जलयोजनेच्या इतिहासांत या तारखेस धरण पुरें झाल्याच्या तारखेइतकेंच महत्त्व दिलें पाहिजे.

या विषयाचें संशोधकांच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद उदाहरण कोंकणांतलेंच आहे. १९२३ त मुंबई कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे असें ठरलें. महाडच्या नगरपालिकेनेंही चवदार तळें खुलें असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या अनुयायांसह तेथें जाऊन पाणी घेतलें. त्यानंतर प्रकरण न्यायालयांत गेलें व १९३७ त मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्या दाव्यांत वादाचा मुद्दा काय होता? फिर्यादींचें म्हणणें असें कीं, तळ्यावर अमुक लोकांनीं येऊं नये अशी वहिवाट अनादि कालापासून चालत आली आहे. न्यायालयानें विचारिलें तें पुराव्याचें : ही वहिवाट अनादि आहे हें कशावरून? तें सिद्ध झालें नाहीं. तळें नगरपालिकेच्या ताब्यांतलें सार्वजनिक आहे असें ठरलें, आणि दावा फेटाळला गेला.

जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं हा निकाल एकदां तरी मन लावून वाचावा असें आम्हांस वाटतें. सनद, महजर, निवाडपत्र यांचा आपण जो अभ्यास करितों त्याचा शेवट पाण्याच्या एका ओंजळीपर्यंत कसा जाऊन भिडतो, हें त्यावरून दिसतें. वहिवाट म्हणून जें सांगितलें जातें तें किती जुनें, हा प्रश्न आपल्या शास्त्राचाच आहे. पाणवठ्याचा कागद जपून ठेवणारा मनुष्य नकळत पुढच्या पिढीच्या हक्काचा साक्षीदार जपून ठेवीत असतो.

(६) पुन्हां पोफळीस

आतां मूळ स्थळीं येऊं. कोयना प्रकल्पामुळें दोन प्रकारच्या नव्या वसाहती जन्मास आल्या. एक कर्मचाऱ्यांच्या, दुसऱ्या धरणाच्या पाण्याखालीं ज्यांचीं गांवें गेलीं त्यांच्या. सातारा जिल्ह्यांतील जावळी व पाटण तालुक्यांतून उठलेले लोक वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरले. ज्यांच्या शिवारांतल्या पाण्यावर राज्यांत दिवे लागले त्यांच्यापैकीं अनेकांस नव्या गांवठाणांत प्यावयाच्या पाण्यासाठीं व इतर सोयींसाठीं वर्षानुवर्षें अर्ज करावे लागले. पुढें १९७६ त महाराष्ट्रानें प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला व नव्या गांवठाणांत नागरी सोयी देण्याची जबाबदारी त्यांत आली. पण हा कायदा धरणानंतर पुष्कळ वर्षांनीं आला. आधीं उदक व मग तट, या अमात्यांच्या क्रमाचा येथें नेमका उलटा क्रम झाला : आधीं धरण, मग वसाहत, आणि शेवटीं वसाहतीचें पाणी.

याशिवाय ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे झालेला भूकंप विसरून चालणार नाहीं. कोयनानगर परिसराची त्यांत फार हानि झाली व दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. भूकंपाच्या प्रदेशांत घराची भिंत पडलेली दिसते. जमिनीखालचा सांधा निखळलेला दिसत नाहीं. तो शोधावयाचा तर मूळ नळाचा नकाशा हातीं लागतो. एरवीं कपाटांत धूळ खाणारा तोच कागद अशा वेळीं औषधासारखा मोलाचा होतो.

म्हणून संग्राहक बंधूंपुढें आमचें निवेदन असें आहे. कोयना, पोफळी, अलोरें या भागांतील १९५० नंतरचे कागद आज साठसत्तर वर्षांचे झाले आहेत. आपल्यापैकीं पुष्कळांस हे कागद जुने वाटणार नाहींत. शाईनें लिहिलेली मोडी जोपर्यंत हातीं येत नाहीं तोपर्यंत आपलें मन भरत नाहीं, हा आपला स्वभावदोष आहे. परंतु पेशव्यांची रोजकीर्द ही जेव्हां लिहिली गेली तेव्हां तीही एक रोजची कारकुनी वहीच होती. ती बांधून ठेवणाऱ्यानें तिला इतिहास म्हणून बांधिलें नव्हतें. निवृत्त झालेल्या मोजणीदाराच्या माळ्यावरची पातळ्यांची वही, वसाहतीच्या नळांचे निळे नकाशे, विहिरी खोदल्याच्या नोंदी, ग्रामपंचायतीच्या ठरावांचीं बुकें, उठलेल्या गांवांतील पाणवठ्यांच्या याद्या, नव्या गांवठाणांचे आराखडे व त्यांवरील अर्जविनंत्या, आणि रोज सकाळीं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची टिपणवही, यांचें स्थान आपल्या दफ्तरांत असलें पाहिजे. यांपैकीं शेवटची वही सर्वांत आधीं रद्दींत जाते, आणि वाटा कोणास किती मिळाला हें खरें सांगणारी वही बहुधा तीच असते.

संग्रह करतांना तीन गोष्टी पाळाव्या. नकाशा मिळाल्यास तो कोणत्या सालचा व कोणत्या खुणेपासून उंची मोजलेला आहे, हें तत्काळ लिहून ठेवावें. खुणेचा दगड हरवला तर आंकडे आंधळे होतात. दुसरें असें कीं, वाडी, वहाळ, पाट, तळी यांचीं स्थानिक नांवें जशीं उच्चारलीं जातात तशींच उतरून घ्यावीं. सरकारी नकाशांत ज्या ओढ्यास नुसता क्रमांक असतो त्यास गांवांत नांव असतें, आणि त्या नांवांत पुष्कळदां पाणी किती दिवस टिकतें याची खूण असते. पोफळी या नांवाबद्दल वर जें सांगितलें तें याच हेतूनें. तिसरें असें कीं, जेथें कागद नाहीं तेथें माणूस आहे तोंवर विचारून घ्यावें. जुना पाट कोणत्या दरडीवरून जाई, बांध कोणत्या महिन्यांत घालीत, पाण्याची पाळी कशी ठरे व ती मोडली तर दंड काय असे, कोणत्या घरांस पाळी नव्हती, हे प्रश्न आज विचारले तर उत्तरें मिळतील. वीस वर्षांनीं विचारले तर मिळणार नाहींत.

कोणीही नव्या वसाहतीचा आराखडा हातीं घेतला म्हणजे त्याची पहिली गरज असते ती या गोष्टींची : पूर्वीं येथें पाणी कोठून येत होतें, केव्हां आटत होतें, आणि कोणास मिळत नव्हतें. या तीन प्रश्नांचें उत्तर यंत्रांच्या यादींत नसतें. तें जुन्या कागदांत व जुन्या माणसांत असतें; म्हणजे आपल्या मंडळींच्या कामाच्या आवांक्यांत असतें. पोफळीच्या डोंगरांतून ओघ अखंड जात आहे; त्यांतील सहा सेकंद एखाद्या घराच्या हंड्यापर्यंत कसे पोंचले, याचा कागद मात्र अखंड राहणारा नाहीं. तो ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं तो रद्दींत देण्यापूर्वीं एकवार एखाद्या संशोधकास दाखवावा, आणि ज्यांस तो दाखविला जाईल त्यांनीं तो अर्वाचीन म्हणून परत करूं नये.